निवड साडूची, स्क्रू पुरेशेठचे

पुरेशेठ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कॉम्प्युटरची दुकानं ओळीने लागतात त्या रस्त्याच्या टोकाला, झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत तो कॉम्प्युटर जोडून द्यायचा, आणि गिऱ्हाइकाने काहीही मागितलं तरी त्याच्या तोंडून पहिला शब्द एकच निघायचा, 'पुरे'. एवढं मोठं कशाला, हे पुरे. चार कशाला, दोन पुरे. रस्त्यावरची बाकीची दुकानं गिऱ्हाइकाला हवं त्याच्या दुप्पट गळ्यात मारण्यात पटाईत, त्यामुळे या माणसाचं कौतुक व्हायचं. शेजारच्या दुकानदारांनी चिडून त्याला पुरेशेठ म्हणायला सुरुवात केली आणि गिऱ्हाइकांनी तेच नाव प्रेमाने उचललं. त्यालाही ते आवडायचं. आपण कुणाला फसवत नाही, हा त्याचा अभिमान होता, आणि अभिमान असलेल्या माणसाला आपलं कुठे चुकतंय हे सगळ्यांत शेवटी कळतं.

त्याचा सगळ्यांत जास्त जोर असायचा चिपसेटवर. प्रत्येक मदरबोर्डावर एक चिपसेट असतो. प्रोसेसरला घरातला कर्ता धरलं, तर चिपसेट हा कारभारी. कर्त्याकडे कोण कोण येणार, एकदम किती जणांना आत घ्यायचं, पुढे माणसं वाढली तर त्यांची सोय आहे की नाही, हे सगळं कारभाऱ्याच्या हातात. हे चिपसेट तीन पायऱ्यांचे येतात. वरचा हौशी लोकांसाठी, मधला ज्यांना पुढे काही वाढवायचं असेल त्यांच्यासाठी, आणि तळातला ज्यांना आहे तेवढ्यात भागवायचं असेल त्यांच्यासाठी. पुरेशेठच्या मते दुनियेतले बहुतेक लोक तळातल्या चिपसेटचे होते. ते त्यांना माहीत नव्हतं इतकंच. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तो अर्धं ऐकायचा, मान हलवायचा आणि खालच्या कप्प्यातून स्क्रू काढायला लागायचा. म्हणजे निकाल लागला.

सासुरवाडीला मात्र तो पुरेशेठ नव्हता. तिथे तो थोरले जावई होता, आणि ते पद त्याने मेहनतीने कमावलं होतं. सासरे नकाशे काढणारे. एका कचेरीत तिरक्या फळ्यापुढे उभं राहून त्यांनी आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले. नोकरीची शेवटची काही वर्षं उरलेली असताना कचेरीत कॉम्प्युटर आले, आणि त्यांच्या बरोबरीची माणसं एकेक करून घरी बसली. सासऱ्यांना माउस धरता येत नव्हता. धरला की बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. तेव्हा नुकतंच लग्न झालेला हा जावई संध्याकाळी कामावरून थेट त्यांच्याकडे जायचा, शेजारी खुर्ची ओढून बसायचा, आणि त्यांच्या हातावर हात ठेवून रेघ कशी ओढायची ते शिकवायचा. सासऱ्यांची नोकरी टिकली. घरातला पहिला कॉम्प्युटर जावयाने जोडला, दुसराही त्यानेच. सासूबाई होत्या तोवर त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आमच्याकडे कॉम्प्युटरचं काही असलं की थोरले जावई म्हणतील तसं. त्याच्या आयुष्यात त्याचा शब्द अखेरचा मानला जाईल अशी जागा ही एकच. स्वतःच्या घरात तर बायकोचा शब्द अखेरचा होता.

मग धाकट्या मेहुणीने उशिरा का होईना लग्न केलं आणि साडू आला.

साडू पोहायला शिकवायचा. म्हणजे खरोखर तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभा राहायचा आणि घाबरणाऱ्या माणसांना पाण्यात उतरवायचा. उंचापुरा, सदा केस ओले, सदा हसरा. पुरेशेठला पहिल्या भेटीतच तो डोळ्यांत खुपला. त्यात साडूचा दोष काही नव्हता, आणि तेच जास्त झोंबायचं. माणूस उद्धट असता तर सोय झाली असती. हा 'दादा, दादा' करत मागे यायचा. एकदा दुकानात येऊन स्टुलावर बसला तो उठेचना. हे काय, ते कशाला, हा स्क्रू इथे का, तो तिथे का नाही. आणि सासरे तर त्याच्यावर खूशच. त्याच्या फालतू विनोदांना ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे. पुरेशेठनेही एकदोन विनोद पाठ करून सांगून बघितले. सासरे 'वा, छान' म्हणाले.

सगळ्यांत लागलं ते वेगळंच. पुरेशेठला सासरे इतकी वर्षं 'तुम्ही' म्हणत आले होते. साडूला महिन्याभरात 'तू' झालं.

"मान देतात तुम्हाला," बायको म्हणाली.

"मान काय, दुकानातल्या गिऱ्हाइकाला पण देतात."

"तुम्हाला कधी 'तू' म्हटलं असतं तर तुम्ही आठ दिवस रुसून बसला असतात."

हे खरं होतं. म्हणून त्याने विषय बदलला.

तरी एवढं सगळं तो गिळून होता, कारण कॉम्प्युटरचा प्रांत त्याचा होता. पोहणाऱ्याने पोहावं. आणि मग एका दुपारी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता सहज बोलावं तशी बोलली.

"बाबा नवा कॉम्प्युटर घेतायत."

"मला काही बोलले नाहीत."

"सामान मागवूनसुद्धा झालं. बोर्ड आपल्या पोहणाऱ्यांनी निवडला. रविवारी जाऊन तुम्ही जोडून द्यायचा, असं बाबा म्हणाले."

पुरेशेठच्या हातातला चहा हातातच राहिला. "म्हणजे निवड त्याची आणि स्क्रू माझे."

"तुमचे स्क्रू चांगले बसतात म्हणाले बाबा."

"असं म्हणाले?"

"नाही, ते मी म्हणतेय."

त्याचा तिळपापड झाला. तो दुकानात गेला आणि त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसला. एकाला तर त्याने तळातला चिपसेटसुद्धा तुम्हाला जास्त होईल असं सांगितलं. ज्याला कालपर्यंत बोर्डाची उलटी बाजू कुठली हे ठाऊक नव्हतं, त्याने फोनवर दोन व्हिडिओ बघावेत आणि माझ्या सासऱ्यांचा बोर्ड निवडावा. आणि सासऱ्यांनी ते ऐकावं. ज्यांच्या हातावर मी हात ठेवून रेघ ओढायला शिकवलं, त्यांनी. तो जळत होता, आणि जळतोय हे त्याला कळत होतं, आणि त्याने काही फरक पडत नव्हता.

संध्याकाळी बायकोच्या फोनवर सामानाचा फोटो आला. सासऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर मांडलेली खोकी, आणि मागे साडूचा अंगठा वर. पुरेशेठने अंगठा बाजूला सारावा तसा फोटो सरकवला आणि एकेक खोकं मोठं करून वाचायला लागला. तो चूक शोधत होता, आणि चांगला कारागीर चूक शोधायला बसला की ती सापडतेच. चिपसेट मधला. उधळपट्टी. सासऱ्यांच्या नकाशांना तळातला पुरे. पण ही काही चूक नव्हे, ही नुसती हौस. पुढे प्रोसेसरचं खोकं. अगदी नवा, आत्ताच बाजारात आलेला. मग बोर्डाच्या खोक्यावरचं बारीक अक्षरातलं लेबल. बोर्ड जुन्या साठ्यातला, प्रोसेसर निघायच्या कितीतरी आधी बनलेला.

त्याने फोन खाली ठेवला आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

गोष्ट साधी आहे. बोर्डाच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम असतो. कोणकोणते प्रोसेसर ओळखायचे हे बोर्डाला त्यातून कळतं. बोर्ड जुना आणि प्रोसेसर त्याच्यानंतर जन्मलेला असला, तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळाच राहतो. नवख्याला वाटतं बोर्ड मेला. अशा वेळी त्याच खाचेत बसणारा एखादा जुना प्रोसेसर लावायचा, बोर्ड जागा करायचा, नवा प्रोग्रॅम भरायचा, आणि मग नवा प्रोसेसर बसवायचा. त्यासाठी पुरेशेठकडे एक जुना, कमी ताकदीचा प्रोसेसर कायम असायचा. त्याला तो 'उठव्या' म्हणायचा. प्लास्टिकच्या कवचात घातलेला हा उठव्या घशाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत असे आणि चालताना डबी खडखडत असे. साडू दुकानात येऊन बसला होता तेव्हा पुरेशेठने मोठ्या ऐटीत त्याला ही डबी उघडून दाखवली होती.

आता एक फोन करायचा होता. 'अरे, बोर्ड जुना आहे, मी उठव्या घेऊन येतो.' एवढंच. त्याने साडूचा नंबर काढला. मग परत ठेवला. होऊ दे की, त्याला वाटलं. सगळे जमलेले असतील, बटण दाबलं जाईल, पडदा काळा. साडूचा हसरा चेहरा उतरेल. सासरे म्हणतील, आता काय करायचं? मग आपण जरा वेळ जाऊ द्यायचा, घाई करायची नाही. आणि मग खिशात हात घालायचा.

रविवारपर्यंतचे दिवस त्याचे फार सुखात गेले. तो गिऱ्हाइकांशी गोड बोलला. दाढी करताना गुणगुणला.

"तुम्ही गुणगुणायला लागलात की मला धास्ती वाटते," बायको म्हणाली. "काय केलंय?"

"काही केलेलं नाही."

हे शब्दशः खरं होतं. काही न करणं हेच तर त्याने केलं होतं.

रविवारी सकाळी तो स्क्रूड्रायव्हरची पिशवी घेऊन, शर्टाच्या खिशात डबी घालून सासऱ्यांकडे गेला. बायको येते म्हणाली तर तिला कशाला त्रास म्हणून टाळलं. खरं तर तिच्यासमोर चेहरा सांभाळता येणार नाही ही भीती होती. सासऱ्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत जेवणाचं टेबल खिडकीपाशी ओढून ठेवलं होतं. एका भिंतीला जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या, रबर लावून, वर पेन्सिलीने काहीबाही लिहिलेल्या. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. साडू त्यांच्या खुर्चीच्या हातावर रेलून. हातावर! पुरेशेठने त्या खुर्चीच्या हातावर कोपरसुद्धा कधी टेकवला नव्हता.

"या, या," सासरे म्हणाले. "तुमचीच वाट बघतोय. हा तर सकाळपासून उड्या मारतोय."

"दादा, तुम्ही जोडताना मी बघणार आहे बरं का," साडू म्हणाला. "मध्ये बोलणार नाही."

आणि तो खरंच बोलला नाही. पुरेशेठ कामाला लागला. बोर्डाचं खोकं आधीच फोडलेलं होतं. लहान मुलासारखी उत्सुकता, त्याने मनात म्हटलं. त्याच्या पद्धतीप्रमाणे बोर्ड कॉम्प्युटरच्या पेटीत घालण्याआधी त्याच्या खोक्यावरच ठेवून चालू करून बघायचा असतो. त्याने बोर्ड खोक्यावर पसरला. मेमरीच्या खाचा चार, भरायच्या दोन. डिस्कच्या जागा तीन, लागायची एक. एवढ्या रिकाम्या जागा असलेला बोर्ड त्याच्या हातून फारसा गेलाच नव्हता, आणि त्या रिकाम्या जागा बघून त्याला उगीच राग आला. बोर्डाच्या मागच्या पट्टीवर एक बारीक बटणही होतं. सेटिंग पुसायचं असेल, म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तळातल्या बोर्डांवर सहसा तेवढंच असतं, आणि त्याचे हात तळातल्या बोर्डांना सरावलेले होते.

प्रोसेसर बसला. मेमरी बसली. ग्राफिक्स कार्ड, पंखा, वीज. त्याने मुद्दाम सावकाश केलं. साडू श्वास रोखून बघत होता.

"दाबू?" पुरेशेठने विचारलं.

"तुम्हीच दाबा," सासरे म्हणाले.

पंखे फिरले. बोर्डावर दिवे लागले. पडदा काळा.

पुरेशेठ खुर्चीत मागे टेकला. नव्या बोर्डाला पहिल्यांदा मेमरी ओळखायला वेळ लागतो, काही क्षण पडदा काळा राहतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण हा काळोख तो नव्हे, याची त्याला खात्री होती. त्याने साडूकडे पाहिलं. साडूने ओठ दातांत धरला होता. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. पुरेशेठचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि डबीवर टेकला. त्याने घसा साफ केला.

"असं आहे," तो म्हणाला, "बोर्ड निवडणं म्हणजे नुसतं..."

पडद्यावर उजेड आला. अक्षरं आली. प्रोसेसरचं नाव, मेमरी, सगळं जिथल्या तिथे.

साडूने इतका मोठा श्वास सोडला की खोक्यावरचा कागद उडाला. "चाललं! दादा, माझा जीव टांगणीला लागला होता. खरं सांगू का, माझी चूकच झाली होती. बोर्ड मागवून बसलो आणि मग लक्षात आलं की प्रोसेसर याच्यानंतरचा आहे. हा ओळखणार नाही त्याला."

"मग?" पुरेशेठचा आवाज त्याला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"मागे ते बटण आहे ना? नुसती वीज जोडायची, पेनड्राइव्हवर नवा प्रोग्रॅम घालून लावायचा आणि ते दाबायचं. प्रोसेसर न बसवताच भरला जातो. काल संध्याकाळी केलं, भीत भीत. पण दादा, हे माझ्या डोक्यात तरी कुठून येणार? तुम्ही तो उठव्या दाखवला होतात म्हणून सुचलं की बोर्डाचं असं काहीतरी असतं."

"मग कबूल केलंन हो माझ्यापाशी," सासरे हसत म्हणाले. "पाण्यात ढकलून देतो लोकांना, आणि एका बटणाला घाबरला."

पुरेशेठ हसला. हसावं लागलं. ते बटण त्याच्या हाताखालून गेलं होतं. ज्या गोष्टीने त्याची सगळी योजना पार धुळीला मिळाली, ती त्याने स्वतः मघाशी डोळ्यांनी बघितली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे साडूला अक्कल आली ती त्याच्याच डबीतून. आता त्याला एवढंच हवं होतं की काम उरकावं आणि घरी जावं. बोर्ड पेटीत बसवायला तो वाकला आणि खिशातली डबी खडखडली.

"काय वाजतंय खिशात?" सासऱ्यांनी विचारलं.

"गोळ्या," पुरेशेठ म्हणाला. "घशाच्या."

"द्या बघू एक. सकाळपासून याच्याशी बोलून बोलून माझाही घसा धरलाय."

त्यांनी हात पुढे केला. संपल्यात म्हणावं तर वाजतंय. त्याने डबी काढली. सासऱ्यांनी ती त्याच्या हातून घेतली, झाकण उघडलं, आणि प्लास्टिकच्या कवचातल्या त्या चौकोनी तुकड्याकडे बघत राहिले.

साडूने वाकून पाहिलं. "उठव्या," तो आनंदाने म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला, सावकाश, कारण तो हुशार होता आणि मनाने सरळ होता, आणि सरळ माणसाला अशी गोष्ट कळायला जरा वेळ लागतो. पण कळली. त्याने पुरेशेठकडे एकदाच पाहिलं. मग घाईघाईने म्हणाला, "बघा ना बाबा, दादांनी आठवणीने आणला. माझं फसलं असतं तर हाच कामाला आला असता."

पुरेशेठला तेव्हा साडूचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता. हरवलं ते हरवलं, वर पदरात घ्यायलाही निघाला.

सासऱ्यांनी मात्र आयुष्यभर रेघा तपासल्या होत्या. वाकडी रेघ त्यांना दिसायची. त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि विचारलं, "बोर्ड चालणार नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची आता ताकद नव्हती. "फोटो बघितला तेव्हाच."

"बोलला नाहीत."

"नाही." आणि मग आठवडाभर जे घशाशी अडकलं होतं ते बाहेर पडलं. "मला का नाही विचारलंत? इतकी वर्षं या घरातला प्रत्येक कॉम्प्युटर मी जोडला. बोर्ड निवडायची वेळ आली आणि तुम्ही याला विचारलंत. मी स्क्रू पिळायला तेवढा?"

साडू उठून आत जायला निघाला, तर सासऱ्यांनी त्याला हाताने खाली बसवलं.

"तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले.

"कधी?"

"गेल्या वर्षी. मी तुमच्या दुकानात आलो होतो. आठवत नाही?" त्यांनी भिंतीकडच्या गुंडाळ्यांकडे मान वळवली. "त्यातली एक गुंडाळी घेऊन आलो होतो. तुम्हाला सांगत होतो की मी जन्मभर घरं काढली ती कागदावर सपाट. आता म्हणे कॉम्प्युटरवर तेच घर उभं करता येतं, दारातून आत जाता येतं, जिन्याने वर जाता येतं. मला ते शिकायचंय. माझी सगळी घरं मला एकेक करून आतून बघायचीयत. तर त्याला कसला बोर्ड लागेल? तुम्ही खालच्या कप्प्यातून स्क्रू काढत होतात. वर न बघता म्हणालात, 'या वयात तुम्हाला किती लागणार बाबा, तळातला पुरे.'"

पुरेशेठला ते आठवेना. अगदी ताण दिला तरी आठवेना. गुंडाळी आठवत होती, कोपऱ्यात टेकवलेली. वाक्य आठवत नव्हतं, कारण ते वाक्य तो इतक्यांना म्हणाला होता की कुणाला म्हणालो याची आठवण राहण्याचं कारणच नव्हतं.

"मी सगळ्यांनाच तसं म्हणतो," तो म्हणाला.

"हो. म्हणून दुकानात काही वाटलं नाही. घरी आल्यावर वाटलं. खरं तर तुमचं बरोबरच होतं. किती लागणार? पण मग याला सहज बोललो, तर हा म्हणाला, 'बाबा, पुढे काय काय करायचंय ते सगळं आधी सांगा.' मी सांगत बसलो. संपेचना. तेव्हा हा म्हणाला, मग मधला तरी लागेल, जागा ठेवायला हवी."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा टूं टूं आवाज येत राहिला. पुरेशेठ बोर्डाकडे बघत होता. चार खाचा, दोन भरलेल्या. तीन जागा, एक भरलेली. सकाळी ज्या रिकाम्या जागांचा त्याला राग आला होता त्या साडूने मुद्दाम राखल्या होत्या. हा माणूस अजून बरंच काही करणार आहे असं धरून. आणि त्याने स्वतः, ज्याने या माणसाच्या हातावर हात ठेवला होता, त्याने वर मान करून बघितलंसुद्धा नव्हतं. त्याला लाज वाटली. पण लाजेने मत्सर जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी नीट मत्सर केलेला नसतो. साडू बरोबर होता, म्हणून तो आणखीच सलत होता.

तो उठला, बोर्ड उचलून पेटीत बसवला आणि एकेक स्क्रू पिळायला लागला. शेवटचा स्क्रू झाल्यावर त्याने रिकाम्या खाचांवरून बोट फिरवलं, धूळ पुसावी तसं, आणि तारा अशा बांधल्या की पुढे त्या जागा भरायच्या झाल्या तर कुणाचा हात अडकू नये. तसं बांधायला वेळ जास्त लागतो. साडू बघत होता. त्याने मध्येच टॉर्च धरला, आणि पुरेशेठने नको म्हटलं नाही.

"कुठलं घर आधी?" पेटीचं झाकण लावताना त्याने सासऱ्यांना विचारलं. त्यांच्याकडे बघून विचारलं.

सासरे लगेच उठले, भिंतीजवळ गेले, आणि गुंडाळ्या चाळायला लागले. ही नको, ही मोठी आहे, हिला जिना अवघड आहे. एक काढली, परत ठेवली. शेवटी निर्णय होईना म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि चहाची किटली घेऊन आले. तिघांचे कप टेबलावर मांडले. आधी साडूचा भरला. मग पुरेशेठच्या कपात ओतायला लागले. कप अर्ध्याच्या वर भरला तसा पुरेशेठने सवयीने हात पुढे केला.

"पुरे," तो म्हणाला. "पुरे, पुरे."

सासऱ्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ओतणं थांबवलं नाही. चहा काठापर्यंत आला, काठावर थरथरला, आणि थोडा बशीत सांडला. मग त्यांनी किटली खाली ठेवली.

"मी विचारलं का तुम्हाला, किती पुरेल?"

साडू फुटून हसला. सासरे हसले. पुरेशेठने दोन्ही हातांनी कप उचलला, न सांडता ओठाशी नेला, आणि पिता पिता कडेने नजर टाकली. साडूच्या कपात चहा बोटभर कमी होता. त्याने ते नीट बघून घेतलं, आणि त्याला फार बरं वाटलं.